मागल्या बाजूचे गाणे

मार्च १९६८ मध्ये बीटल्सची ‘लेडी मॅडोना’ ही तबकडी निघाली. मागल्या बाजूला जॉर्ज हॅरिसनचे ‘द इनर लाइट’ होते. बीटल्सच्या सिंगलवर त्याच्या रचनेला जागा मिळाली ती तेव्हा पहिल्यांदा, आणि तीही मागची. त्या गाण्यात एकाही बीटलने वाद्य हातात धरलेले नाही. सगळे वादन जानेवारीत मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत झालेले आहे.

चौघांचा तो काळ अडनिडा होता. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन ऑगस्टमध्ये गेलेला, डिसेंबरात टीव्हीवरच्या ‘मॅजिकल मिस्टरी टूर’वर समीक्षकांनी झोड उठवलेली, पुढे ऋषिकेशला जायचे ठरलेले. हॅरिसन मुंबईत आला होता ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी. स्टुडिओत रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज शिरत असे, यंत्र दोनच ट्रॅकचे. त्याच मुक्कामात हे वादन झाले. गळा नंतर लंडनला चढवला. शब्दांचा आधार ‘ताओ ते चिंग’चे ४७वे प्रकरण. ते सुचवले केंब्रिजचे संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांनी.

गाणे जेमतेम अडीच मिनिटांचे. सरोद आणि पखवाज द्रुत लयीत उसळून येतात, गळा सुरू होताच सारे निवळते आणि बासरी गायकाची सोबत धरते. याला पॉप गाण्यावर चढवलेला ‘भारतीय रंग’ म्हणणे मला पटत नाही. वाद्ये काढून घेतली तर मागे काय उरते?

तरीही त्या तबकडीवर एकाही वादकाचे नाव नाही. ‘वंडरवॉल म्यूझिक’ या त्या चित्रपटसंगीताच्या तबकडीच्या वेष्टनावर मात्र हॅरिसनने नावे दिली: आशिष खाँ, महापुरुष मिश्र, शिवकुमार शर्मा, केंकरे. या गाण्यातली बासरी कोणाची, हे आजही नक्की नाही. कोणी हरिप्रसाद चौरसियांचे नाव घेते, कोणी केंकरे यांचे. मुंबईच्या स्टुडिओंचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न लंडनच्या अभ्यासकांवर सोडू नये. त्या वादकांचे शिष्य आहेत, घरची माणसे आहेत, तेव्हाच्या तंत्रज्ञांपैकीही कोणी असतील. त्यांच्याकडे जाऊन कोणत्या दिवशी कोण वाजवत होते ते आताच लिहून घ्यायला हवे. मग पुढच्या आवृत्तीच्या वेष्टनावर बीटल्सच्या खाली ती नावे छापून घेण्याचा आग्रह आपल्याला धरता येईल.