बी.एड. झालेल्याला कसलं प्रशिक्षण?

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली, 'लाडका भाऊ' म्हणून गाजली. बारावी पासला महिना 6,000 रुपये, आयटीआय-पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. आधी सहा महिने, नंतर पाच वाढवले. अकरा महिने झाले की खुदा हाफिज!

माझी तक्रार रकमेची नाही. या योजनेतून शाळांमध्येही 'प्रशिक्षणार्थी' पाठवले गेले. त्यातला एखादा बी.एड. असेल, तर त्याला आता कसलं प्रशिक्षण देताय? दोन वर्षं फी भरून त्याने केलं ते काय होतं? वर्गाला शिक्षक नाही म्हणूनच तो फळ्यासमोर उभा आहे. म्हणजे जागा रिकामी आहे, काम आहे, माणूसही आहे. द्यायचा नाही तो फक्त पगार. मग पवित्र पोर्टल कशासाठी उघडलंय?

याच महाराष्ट्राने 1977 चा रोजगार हमी कायदा केला. खडी फोडणाऱ्या मजुराला काम मागायचा हक्क दिला. काम न दिल्यास सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. मजुराला कायदा, आणि शिकलेल्याला? एक प्रमाणपत्र.

निदान ज्याने अकरा महिने वर्ग सांभाळला, त्याला शिक्षक भरतीत त्या अनुभवाचे गुण तरी द्या. तेवढ्याला तिजोरीतून एक रुपयाही लागत नाही.