मोतीचा कान आणि आईचे तेल

गेल्या श्रावणात आमचा मोती वारंवार कान झाडू लागला, तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. पावसाळी हवा आणि लोंबते कान. माशी बसली असेल, असे मीच म्हणालो. चौथ्या दिवशी आईने लसूण घालून कढवलेले कोमट तेल त्याच्या कानात सोडले. आम्हां भावंडांच्या लहानपणी तिचा हाच उपाय असे. मोती विव्हळला आणि सात वर्षांत प्रथमच तिच्या हाताला चावला. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन आम्ही आधी आईला डॉक्टरांकडे नेले. कुत्रा घरचा, लस टोचलेला असला तरी हे टाळू नये.

पशुवैद्यांनी कानात उजेड टाकून पडदा पाहिला, मळाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. निदान बुरशीचे निघाले. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग पडद्याकडे वळते, हे मला तेव्हा कळले. ओल आणि मळ त्या वळणावर साचतात. तेलाने ती ओल कोंडते, कापसाच्या काडीने मळ आणखी आत जातो. बुरशी, जिवाणू आणि कानातले सूक्ष्म कीटक यांची औषधे निरनिराळी असतात. पडदा फाटलेला असल्यास काही थेंबांनी ऐकणेही जाऊ शकते. म्हणून माणसांचे किंवा मागचे उरलेले औषध तपासणीवाचून घालू नये.

संसर्ग झालेल्या कानाला बहुधा आंबूस वास येतो. आईला तो आलाच नव्हता. वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते. ज्येष्ठांनी त्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर उजेडात दोन्ही कानांची तुलना करावी. एक कान लालसर, उष्ण वा तपकिरी मळाने भरलेला दिसला, किंवा कुत्रा तेथे हात लावू देईना, तर पशुवैद्यांना दाखवावे. मान एका बाजूला कलली किंवा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी.

सहाव्या दिवशी वास गेला, तेव्हा औषध थांबवण्याचा मोह मला झाला. फेरतपासणीत बुरशी शिल्लक आढळली आणि थेंब आणखी आठवडाभर चालले. पुन्हा असे झाल्यास त्वचेच्या ॲलर्जीचा शोध घ्यावा लागेल, असे पशुवैद्य म्हणाले. थेंब मी घालत असे. आई समोर बसून मोतीला बिस्किटाचा तुकडा दाखवी, मात्र हात जरा दूर ठेवूनच.