वजन अनुवंशात असेल, जात नाही!

पोंभुर्ण्यातल्या एका आरोग्य शिबिरात आमच्या वस्तीतल्या पन्नाशीच्या मावशीला ऐकावं लागलं, "तुमच्या लोकांची अंगकाठीच अशी. जनुकांतच आहे." टॉनिक लिहून दिलं, साखर तपासलीच नाही. साथींनो, या वाक्याची चिकित्सा झाली पाहिजे. त्यात विज्ञान अर्धं आहे आणि जात पूर्ण.

वजनावर अनुवंशाचा प्रभाव असतो, हे आम्ही नाकारत नाही. पण किती आणि कधी? २०१७ साली जगभरातल्या जुळ्यांची माहिती एकत्र करून अभ्यास झाला. उंचीच्या मानाने वजनात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला विशीत सुमारे तीन चतुर्थांश अनुवंशाचा निघाला. सत्तरीत तो ६० टक्क्यांच्या खाली आला. म्हणजे वय वाढतं तसं जगणं अंगावर जास्त उमटतं.

शिवाय हा आकडा एका समाजाच्या आतल्या फरकाचा आहे. दोन जातींमधल्या फरकाचं कारण त्यातून निघत नाही. एकाच पोत्यातलं धानाचं बियाणं तलावाखालच्या बांधीत आणि कोरड्या बांधीत रोवा. कोरड्या बांधीतलं पीक खुरटलं, तर दोष बियाण्याचा की पाण्याचा?

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हा वंशशुद्धीचा दावा खोडून काढला. जातीने उत्तम वंश घडवला असता, तर या देशातली बहुसंख्य माणसं खुरटलेली का, हा त्यांचा सवाल होता. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, बारीक, तरी त्या मानाने अंगात चरबी राखून असलेली. गरोदरपणात पालेभाजी, फळं जास्त खाणाऱ्या आयांची बाळं मोठी निघाली. अशा बारीक शरीरालाही पुढे मधुमेह गाठतो. म्हणून मावशी बारीक आहे, हे तपासणी टाळण्याचं कारण होऊच शकत नाही.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाब तपासणी हा सरकारचाच कार्यक्रम आहे. तो मागून घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला, डाळीचा नाही. तोही मागा.

आणि आपल्यातलेही "आमच्या घराण्यातच पोट आहे" म्हणून चाळिशीत हात टेकतात. अनुवंशाला नशीब मानणं म्हणजे कर्मसिद्धांत मागच्या दाराने घरात घेणं. तो आपण १९५६ मध्येच सोडला आहे.

जय भीम!