देवाचं चित्र छापायचं आणि तळ्यात टाकायचं, हे आता थांबवा

वसईकरांनो, विरारकरांनो, नालासोपारा-नायगावच्या बंधू-भगिनींनो,

गेल्या रविवारी आमच्या महिला मंडळाच्या बायका गावतळं साफ करायला उतरल्या. पाण्यातून पहिली पिशवी वर आली तेव्हा निर्माल्य असेल असं वाटलं. गाठ सोडली तर आत लग्नपत्रिका. फुगलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, आणि प्रत्येकीवर गणपती. सोनेरी वर्खातला गणपती चिखलातही जसाच्या तसा चमकत होता. दुपारपर्यंत अशा सात पिशव्या निघाल्या, काठावरच्या पिंपळाखाली आणखी चार. आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी त्या पिशव्या बघून रडल्या. हे आवाहन त्याच संध्याकाळी लिहायला घेतलं आहे. शब्द कडक वाटले तर वाटू द्या.

या पत्रिका बाहेरच्या कोणी येऊन टाकलेल्या नाहीत. पाकिटांवरचे पत्ते आपल्याच आळ्यांचे होते. देवाचं चित्र केराच्या डब्यात जाऊ नये, पायाखाली येऊ नये, ही भावना आम्हालाही आहे. पण हंगामभर साठलेला गठ्ठा पिशवीत बांधून अंधारात पाण्यात सोडायचा, याला विसर्जन कसं म्हणायचं? आमच्या ख्रिस्ती मैत्रिणींच्या घरीही निराळं नाही. क्रूस असलेली पत्रिका टाकवत नाही, म्हणून माळ्यावर गठ्ठे. ज्याचं चित्र टाकवत नाही ते हजाराच्या संख्येने छापता कशाला, एवढंच आम्हाला विचारायचं आहे.

‘रद्दीत जातात की!’ म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या भंगारवाल्याला विचारावं. आम्ही विचारलं. वर्तमानपत्र घेतो, वह्या घेतो, पुठ्ठा घेतो. वर्खाची, मखमलीची, प्लास्टिकचा थर दिलेली पत्रिका बाजूला काढतो. गिरणीत कागद पाण्यात घुसळून त्याचा लगदा करतात. वर्ख, गोंद आणि प्लास्टिक त्या लगद्यात विरत नाहीत, माल खराब करतात. म्हणजे पत्रिका जितकी भारी, तितकी ती निकामी. तिची वाट मग गोखिवऱ्याच्या कचराभूमीकडे, जिथे आग लागली की भोयदापाड्याच्या लोकांच्या घरात धूर शिरतो. लग्न तुमचं आणि धूर त्यांच्या लेकरांच्या छातीत.

हिशेब करा. पाकिटासकट पत्रिका ५० ग्रॅमची धरली, तर हजार पत्रिकांचा कागद ५० किलो. तेवढाच व्याह्यांकडचा. एका लग्नाचा एक क्विंटल, तोही फक्त निमंत्रणाचा. २०११ च्या जनगणनेतच आपल्या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांवर होती, त्यानंतर किती इमारती उठल्या ते तुम्ही बघताच आहात. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते ती पावसाळ्यापर्यंत चालते.

आणि त्या कागदावर असतं काय? लग्नाची माहिती चार ओळींत मावते. उरलेली पानं निमंत्रक, स्नेहांकित, व्यवस्थापक, किलबिल आणि प्रमुख उपस्थितीची. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, यावरून भावाभावांत अबोला धरलेला आम्ही पाहिला आहे. एका घरी पुढाऱ्याचं पद चुकलं म्हणून सगळा गठ्ठा पुन्हा छापला. पहिला गठ्ठा कुठे गेला, हे विचारायला नको.

पत्रिकेवरची ती चकचकीत प्लास्टिकची फिल्म तर कायद्यानेच बंद आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांच्या यादीत निमंत्रणपत्रिका आणि मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायची फिल्म स्पष्ट नमूद आहे. सजावटीचा थर्माकोलही. तरी आम्ही काढलेल्या पिशव्यांत फिल्मसकट पत्रिका होत्या. छापणाऱ्याने दिली, तुम्ही घेतली, आम्ही चिखलातून उपसली.

आता ‘पण’ ऐकून घ्या, कारण ते आम्ही दारोदारी ऐकले आहेत. पत्रिका नाही दिली तर सोयरे रुसतात? कोरोनातला एप्रिल २०२१ आठवा. लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, असा शासनाचा आदेश होता. तेव्हा फोनवर आमंत्रणं झाली, लग्नं लागली, संसारही नीट चालू आहेत. कोण रुसलं? विवाह नोंदणीला पत्रिका मागतात? एक लागते, हजार नाहीत. छापखानेवाल्यांच्या पोटावर पाय येतो? त्यांना साध्या कागदावरचं काम द्या, मोबाइलवर पाठवायची पत्रिका त्यांच्याकडूनच पैसे देऊन करून घ्या. ‘एकदाच होतं लग्न’ याला आम्ही उत्तर देणार नाही.

आपल्याकडे आमंत्रणाची रीत कागदाच्या आधीपासून आहे. अक्षत द्यायला दोघी-तिघी निघायच्या, उंबऱ्यात हळदकुंकू लावायच्या आणि चूलबंद आमंत्रण सांगायच्या. सगळ्या घराने यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. यापेक्षा मोठा मान कोणत्या मखमली पाकिटात आहे? आपल्याच जिल्ह्यातल्या वारली घरांत लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहितात आणि धवलेरी, म्हणजे पुरोहित स्त्री, लग्न लावते. त्या चौकाच्या चित्रांच्या छापील नकला आपण पत्रिकेवर शोभेला घेतो. त्यांच्यातला साधेपणा तेवढा घेत नाही.

पत्रिकेवर एवढं लिहिलं, कारण देव तिच्यावर आहे. बाकीच्या कागदाबद्दल थोडक्यात. कागदी कप हा कागदी नसतो, आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी दाखवलं आहे की १०० मिलीलिटर गरम पेय अशा कपात १५ मिनिटं राहिलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. पाहुण्यांना हे पाजायचं? पत्रावळीच्या नावाने चकचकीत थराची कागदी ताटं येतात, तीही तशीच. ज्या वसईची केळी आणि आगाशीची सुकेळी नावाजलेली, तिथल्या मांडवात केळीचं पान दिसू नये, ही शरमेची गोष्ट आहे. हळदीच्या रात्री उडवतात ते पेपर ब्लास्ट बहुतेक वेळा चमकी प्लास्टिकच असतं. सकाळी ते गटारात जातं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी होतं आणि मिठागर वस्तीतली माणसं अडकली होती. ते पाणी पेपर ब्लास्टमुळे आलं असं आम्ही म्हणत नाही. पण तुंबलेलं गटार काय करतं हे इथल्या माणसाला शिकवावं लागू नये.

तेव्हा घरात कार्य ठरलं असेल तर एवढं करा. पत्रिका ११ छापा: देवघर, कुलदैवत, ग्रामदैवत, जीवदानी, चर्चमध्ये द्यायची असेल तर ती, मामा आणि घरातले मोठे. साधा कागद, वर्ख नाही, फिल्म नाही. बाकीच्यांना घरी जाऊन किंवा फोनवर सांगा; नुसता संदेश पाठवून मोकळे होऊ नका, बोला. पत्रिकेवर देवाचं चित्र नको, नाव पुरे. हळदीला चमकी नाही, हे बँडवाल्याला आणि मुलांना आधीच बजावा. जेवण केळीच्या पानावर किंवा स्टीलच्या ताटात. पाणी, चहा पेल्यात. आमच्या मंडळाकडे ४०० ताटं-वाट्या-पेले आहेत, बचतीतून जमवलेले. धुऊन परत करायच्या अटीवर विनामूल्य मिळतील, आजवर एक वाटी हरवलेली नाही. आहेराची पाकिटं फाडू नका, पुन्हा वापरा. वाडीत किंवा मैदानात, परवाना नसलेल्या जागी, शंभराहून अधिक माणसं जमणार असतील तर कामकाजाचे तीन दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, हे घनकचरा नियमांत २०१६ मध्येच आलं. आम्ही विचारलेल्या एकाही घराला ते माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा हजारो वसईकर इथल्या झाडांसाठी आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरले. आमच्यातल्या काही जणी तेव्हा कडेवर मूल घेऊन चालल्या होत्या. ते मूल आज लग्नाचं आहे आणि त्याची पत्रिका आम्ही तळ्यातून काढतो आहोत.

माळ्यावर, कपाटात जुन्या पत्रिका असतील तर तळ्यात नेऊ नका, आमच्याकडे आणून द्या. चित्र आदराने कापून वेगळं ठेवू, साध्या कागदाची पाकिटं करू, पुठ्ठा शाळेच्या मुलांना देऊ. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पुन्हा तळ्यावर आहोत. अजून पूर्वेचा काठ उपसायचा आहे. गमबूट असतील तर घालून या, नसतील तर काठावर पिशव्या सोडवायला हात लागतीलच. ज्यांच्या घरी या हंगामात लग्न झालं, त्यांनी आधी यावं.