पोटाखालची अंडी

हिंगोलीत बसून शेवंडीवर लिहायचं म्हणजे गंमतच. आमच्याकडे पाणी म्हणजे येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर; जाळ्यात रोहू नाहीतर कटला. शेवंड समुद्रातली. नांग्या नाहीत, काटेरी लांबलचक मिशा, आणि अंड्यावर आलेल्या मादीच्या शेपटीखाली नारिंगी दाण्यांचा घोस. तो दिसल्यावर तिला पाण्यात सोडायचं की टोपलीत टाकायचं? मुंबईच्या ट्रॉलरवाल्यांनी टोपलीत टाकलं. तिची चपटी चुलतबहीण, वाळूतली शेवंड, १९९४पर्यंत तिथून जवळजवळ संपली. २००३पासून निर्यातीला किमान वजनाची अट आहे. मुंबईकडच्या चिखलातल्या काटेरी शेवंडीला ३०० ग्रॅम. पण वजनकाटा किनाऱ्यावर, जाळं खोल दर्यात! आणि दर्यावर्दींना बोलणारे आम्ही कोण? आमच्याही बाजारात बोटाएवढी मासळी वाट्यानं विकतात. मीही घेतलीय.