वल्हं, ढोल आणि केटी

'ड्रॅगन बोट रेसिंग' हे नाव ऐकलं की आपल्याला कुठलं तरी चायनीज पिक्चर आठवतं. लांबलचक होडी, पुढे ड्रॅगनचं तोंड, वीस वल्हेकरी, नाकाशी ढोल वाजवणारा, मागे सुकाणू सांभाळणारा. 1976 साली हाँगकाँगमध्ये आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हापासून हा खेळ जगभर पसरला. 2010 च्या ग्वांगझू एशियाडमध्ये तर त्याला मेडल्ससुद्धा होती. पण आपल्याला एवढ्या लांब जायची गरजच काय? पावसाळ्यात आयर्विन पुलावर उभं राहून खाली बघा. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान या गावांतली पोरं होड्यांच्या शर्यतीत अशी काही वल्ही मारतात, की दोन्ही काठांवरची गर्दी बेभान होते. आपण हॉस्टेलवाले तिथे काय करतो? शिट्ट्या वाजवतो आणि भजी खाऊन परत येतो!

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या हॉस्टेलची स्वतःची होडीची टीम पाहिजे. पुण्यात सीओईपीच्या पोरांनी 1928 पासून बोट क्लब चालवलाय, त्यांचा रिगाटा बघायला लोक तिकीट काढून जातात. ते इंजिनिअरिंगचेच ना? आणि त्यांच्याकडे मुळा आहे, आपल्याकडे कृष्णा! मी साताऱ्याचा, म्हणजे ही नदी माझ्याच जिल्ह्यातून, महाबळेश्वराहून खाली येते. थोडा हक्क माझाही.

आता ट्रेनिंग. पहिला गैरसमज हा की होडीत पैलवान भरले की होडी पळते. फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे लागणारी पॉवर वेगाच्या घनाने. टीमची ताकद दुप्पट केलीत तरी वेग वाढणार जेमतेम सव्वापट. उलट, चौघांची वल्ही ताल सोडून पडली की ती मागच्याच्या वल्ह्यावर आपटतात, होडी डुलते आणि बाकी सोळा जणांचा घाम पाण्यात. (शब्दशः!) म्हणून ड्रॅगन बोटीत पुढच्या जोडीकडे बघून सगळ्यांनी वल्हं एकाच क्षणी पाण्यात टाकायचं, एकाच क्षणी काढायचं. ढोल असतो तो शोभेसाठी नाही. आणि ताल आपल्याला कोण शिकवणार? गणपतीत ढोल-ताशाच्या प्रॅक्टिसला दोन-दोन तास उभी राहणारी पोरं आपल्याच विंगमध्ये आहेत.

जागेचाही प्रश्न नाही. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या, म्हणजे के.टी. बंधाऱ्यांना बर्गे घालतात आणि मागे पाणी संथ उभं राहतं. शिकाऊ टीमला याहून चांगलं पाणी कुठलं? ही एकच केटी अशी आहे जी आपल्या फायद्याची आहे.

राहिलं मोटिव्हेशन. या शब्दाचा मला खरं तर कंटाळा आलाय. दर सेमिस्टरला कोणीतरी सूट घालून येतो, ऑडिटोरियममध्ये 'यू कॅन डू इट' म्हणून ओरडायला लावतो आणि दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा नऊला उठतो. त्यापेक्षा दत्तू भोकनळचं बघा. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी गावातला मुलगा. विहिरी खोदायचं काम केलेला. रोइंग काय असतं हे त्याला सैन्यात गेल्यावर कळलं. 2016 ला तो रिओ ऑलिम्पिकला गेला. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये तब्येत बिघडलेली, सिंगल स्कल्सच्या फायनलमध्ये शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या होडीत बसून गोल्ड! मला वाटतं एकट्यासाठी तो कदाचित त्या दिवशी उठला नसता. पण बाकीचे तिघे होडीपाशी थांबलेले असतील तर झोपून कसं राहणार? पहाटे साडेपाचला घाटावर एकोणीस जण तुमची वाट बघतायत, याहून मोठं भाषण मला माहीत नाही.

सबमिशन, अटेंडन्स ही कारणं मी मोजत नाही, क्रिकेट बघताना ती कुठे जातात? पण घरच्यांची भीती मोजतो. आई म्हणणार, "पाण्यात मरायला जातोस काय?" तिचं चुकत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विनजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 फूट असताना. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली. खच्चून भरलेली होती. बायका, लहान मुलं बुडाली. कृष्णाकाठी राहून आपल्यापैकी किती जणांना पोहता येतं, होडीत वजन कसं वाटून बसवायचं हे कळतं? माझ्या मते टीम काढायचं सगळ्यात मोठं कारण ट्रॉफी नाही, हे आहे.

म्हणून नियम कडक हवेत. आधी पोहण्याची टेस्ट, नापास झाला तर होडीत पाय ठेवायचा नाही, मग तो जिममध्ये कितीही वजन उचलो. लाइफ जॅकेटशिवाय प्रॅक्टिस नाही. "सांगलीवाडीची पोरं कुठे घालतात?" असं विचारू नका, ती लहानपणापासून नदीत आहेत. पाणी चढतं असेल तेव्हा सुट्टी. आणि शिकवायला त्याच गावांतल्या जुन्या वल्हेकऱ्यांना बोलवा, मानधन देऊन, नुसता शाल-नारळ नको.

स्पोर्ट्स विभागातल्या सरांना एवढीच विनंती, नवीन होडी लगेच मागत नाही. वीस जॅकेट आणि तरणतलावाची सकाळची एक बॅच मिळाली तरी चालेल. ढोल हॉस्टेलच्या स्टोअरमध्ये पडूनच आहे.