हापूसचा सीव्ही

मे महिन्यातला शनिवार. गेटवेवरून मांडव्याची बोट पकडली आणि थेट नागाव गाठलं, आत्याकडे! सॅकमध्ये एक ऑफर लेटर होतं. फ्रीलान्सिंग बंद, महिन्याच्या महिन्याला पगार चालू. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

आत्याने हापूस कापला. बाहेरून एकदम केशरी, देखणा. आत मात्र पांढरट, स्पंजसारखा गर.

"साका पडलाय गं. वरून कळतच नाही बघ," ती म्हणाली.

मला एकदम डॉ. विद्या गुप्ता आठवल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे आपल्या एनसीएलमधल्या शास्त्रज्ञ. एका लेखासाठी मी त्यांचं काम वाचून काढलं होतं. भात, हरभरा अशा पिकांच्या डीएनएवर काम केलेल्या या बाई आणि त्यांचे सहकारी चक्क हापूसच्या वासाच्या मागे लागले. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की कैरीत नसलेली काही सुगंधी रसायनं फळ पिकतानाच तयार होतात. २०१३ मध्ये त्यातल्या फ्युरॅनिओलमागचं जीन पकडलं. (स्ट्रॉबेरीच्या वासातही हेच रसायन असतं बरं का!) २०१९ मध्ये साक्यावर पेपर. दहा वर्षं, एक फळ! आणि सीझन वर्षातून एकदाच. सॅम्पल हुकलं की थेट पुढच्या मोहोरापर्यंत थांबा.

बरं, रायगडसह कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळाला. पण २०२० मध्ये हापूसचा अख्खा जीनोम प्रसिद्ध केला कुणी? चिनी शास्त्रज्ञांनी!

वाईट वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण जीनोम म्हणजे डिक्शनरी. त्यातला कुठला शब्द फळ कधी उच्चारतं, हे कळायला मोहोरापासून अढीपर्यंत त्या फळाच्या सोबत राहावं लागतं. ते काम पुण्यात आधीच सुरू होतं. हेडलाइन झाली नाही, इतकंच.

इथे आपण? तीन महिन्यांत नाव झालं नाही की बायोडेटा अपडेट करायला बसतो.

आत्याने दुसरा आंबा कापला. अख्ख्या पडवीत घमघमाट!

सोमवारी मी नकार कळवला. घाबरत घाबरतच. आत्याने दिलेले आंबे अजून अढीत आहेत.